साठचे सात बल्ब

कपाशीनं साऱ्या तालुक्याचा धीर खचवला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. दिग्रसजवळच्या आमच्या गावात आम्ही बचत गटाच्या बायांनी मिळून अंडी उबवायची पेटी घेतली. पेटी कसली, प्लायवुडचं कपाटच ते. आत जाळीचे कप्पे, छोटा पंखा, साठ वॅटचे चार बल्ब, आणि दाराच्या काचेतून दिसेल असा टांगलेला थर्मामीटर. गटाची अध्यक्ष होती शेजारच्या बंजारा तांड्याच्या नायकाची बायको, म्हणजे नाईकीण, उंच, खणखणीत आवाजाची. पेटी आमच्या पडवीत होती, म्हणून अंडी फिरवायचं काम माझ्या धाकट्या जावेकडं आलं. लाइट गेली की गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवायच्या, हेही तीच बघायची.

पहिली खेप वाया गेली. तीन आठवडे उलटून गेले, एकही अंडं फुटलं नाही. शेवटी नाईकिणीनं काही अंडी फोडून पाहिली. आत पिल्लं होती, पण अर्धवट वाढून मेलेली. जाऊ पहिल्यापासून सांगत होती की दिवसाउजेडी, लाइट असतानाही पारा खाली येतो. आता तेच तिच्यावर उलटलं.

"घडीघडी दार उघडून पाह्यलं त गरमी राहीन कशी?" नाईकीण म्हणाली.

त्या दिवशी जाऊ जेवलीही नाही.

मी लग्नाआधी बारावी सायन्स केलं होतं. सासरी आल्यावर त्या शिक्षणाची आठवण कोणाला, मलाही नव्हती. दुसऱ्या दिवशी मात्र मी रिकाम्या पेटीसमोर जाऊन बसले. दाराला कोणालाच हात लावू दिला नाही. सकाळी पारा साडेसदतीसवर होता, अंड्यांना लागतो तेवढा. मग हरभऱ्याला पाणी द्यायला शिवारातले पंप सुरू झाले, आणि बघता बघता बल्ब तांबूस पडले. दुपारपर्यंत पारा चौतीसवर आला. दार बंदच होतं.

मी हे सगळ्यांना सांगितलं, पण पटेना. बल्बावर साठ लिहिलंय ना, मग तो लाल दिसो की पांढरा, साठचाच, असं सगळ्यांचं म्हणणं. नुसत्या तोंडानं त्यांना समजावणं मला जमलं नाही. मोजून दाखवायला हवं होतं.

दिग्रसचे एक चाचा, जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरून देणारे, गावात एकाच्या विहिरीवर मोटार बसवायला यायचे होते. मी त्यांना निरोप धाडला की येताना व्होल्टमीटर आणि अँपिअरमीटर दोन्ही आणा. ते दुपारी, पंप चालू असतानाच आले, पेटीकडं पाहून म्हणाले, "लाइन कमजोर है बेटी, ये तो सबको मालूम है. कितनी कमजोर, ये आज देख लेते."

त्यांनी एक मीटर वायरीच्या मध्ये जोडला, दुसरा दोन टोकांना लावला. पडवीत गटाच्या साऱ्या बाया जमल्या होत्या. व्होल्ट निघाले एकशे साठ, करंट शून्य पूर्णांक पंच्याऐंशी अँपिअर. मी चुलीतला कोळसा आणला आणि पेटीच्या दारावरच गुणाकार मांडला. एकशे छत्तीस वॅट. शेजारी चार साठांचे दोनशे चाळीस लिहिले. बल्बावरचं साठ हे पूर्ण दोनशे तीस व्होल्ट मिळाले तरचं, हे सांगितलं.

मग मला उत्साह आला आणि मी रेझिस्टन्सही काढला. व्होल्ट भागिले करंट, एकशे अठ्ठ्याऐंशी ओहम. बल्बांवर छापलेल्या आकड्यांवरून काढला तर दोनशे वीस येत होता. माझा हात थांबला. बल्ब तेच, मग रेझिस्टन्स दोन कसे? गणित चुकलं की काय? सगळ्या बाया माझ्याकडं पाहत होत्या. आणि एकदम वर्गातला तो तास आठवला. बल्बातली तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो. आमचा कमी येत होता, कारण आमची तार पुरती तापतच नव्हती! जो आकडा मला खोटं पाडेल असं वाटलं, तोच माझ्या बाजूनं उभा राहिला. मी भर पडवीत हसले.

नाईकिणीनं त्या कोळशाच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "म्हंजे चार बल्ब लावले, अन् काम सव्वादोनाचंच?"

"हो."

ती जावेकडं वळली. "पोरी, मी तुले उगाच बोलली."

जाऊ एवढंच म्हणाली, "मंग आता किती लावाचे?"

एका बल्बाला चौतीस वॅट पडत होते. साताचे होतात दोनशे अडतीस. चाचांनी तिथल्या तिथं आणखी तीन होल्डर बसवून दिले. रात्री व्होल्टेज वाढलं तर अंडी शिजतील, अशी एकीला भीती. चाचांनी आतली थर्मोस्टॅटची चकती दाखवली, जास्त गरम झालं की ती टक् करून आपोआप बल्ब बंद करते. दुपारच्या वेळी ती चालल्याचं आम्ही तोवर कधी ऐकलंच नव्हतं. सात बल्ब लावल्यावर, पंप चालू असताना, भर दुपारी जावेनं पडवीतून मला हाक मारली. "बाई, चकती वाजली!" आम्ही दोघी काचेला नाक लावून पाहत राहिलो. पारा साडेसदतीसला होता.

दुसरी खेप फुटायला लागली ती एका सकाळी. आधी एका अंड्याला बारीक भोक दिसलं, मग सगळ्या कप्प्यांतून टोचण्याचा आवाज. दुपारपर्यंत ओली, डुगडुगणारी पिल्लं जाळीवर एकमेकांवर चढत होती. नाईकीण तांड्यावरून धावत आली. तिनं दार उघडायला हात नेला आणि मागं घेतला. जावेला म्हणाली, तू उघड.

पुढच्या बाजाराला आम्ही तिघी टोपल्या घेऊन एसटीनं दिग्रसला निघालो. गाडीभर चिवचिवाट. लोक उठून उठून टोपल्यांत डोकावत होते. एका म्हाताऱ्यानं विचारलं, एवढी पिल्लं कोणत्या कोंबडीची? नाईकिणीनं पदर सावरला आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "कोंबडीची नाही बाप्पा, हिशोबाची."