प्लेटांवरचा शेंदूर

माझ्या मामांनी मंचेरियलकडच्या कोळशाच्या खाणीत उभं आयुष्य काढलं. कोळशाविरुद्ध कोणी ब्र काढला की त्यांना आईवरून शिवी दिल्यासारखं लागे. आणि मी, त्यांची सख्खी भाची, किराणा दुकानाच्या छपरावर सोलरच्या चार प्लेटा बसवल्या! मामा खास त्या पाहायला उटनूरच्या बसनं आले अन् अंगणात उभे राहून हसले.

"काऊन वं पोरी, हा सूर्य रात्रपाळी करते का?"

"नाही करत," मी म्हटलं. "पण तुमचा कोळसा कोणती पाळी करते? काळा ढग दिसला की लाईन जाते."

"देश कोळशावर चालते."

"देश चालते. मग आमचंच गाव काऊन बसते?"

खरं सांगते, त्या प्लेटांवर पिठाची गिरणी काही फिरत नव्हती. दोन पंखे, चार दिवे, थंड बाटल्यांचा लहान फ्रिज, संपलं. पण तेवढ्यापुरती मी राणी होते. मामांना तेही पाहवेना. चहा संपता संपता त्यांनी विचारलं, "पूजा केली का?" नव्हती केली. झालं! खाणीत म्हणे पूजेशिवाय नव्या मशीनला कोणी हात लावत नसे. आईनं लगेच तेलात शेंदूर कालवला. मामा शिडी चढले, दोनदा थांबून छाती धरून धापा टाकल्या, अन् चारही काचांवर ताटाएवढाले स्वस्तिक काढले. हात आखडता घेणं माणसाला माहीतच नाही, दुसऱ्याच्या वस्तूवर तर बिलकूल नाही.

तेव्हापासून बॅटरी अर्धीच भरू लागली. मी फडका घेऊन निघाले तर आई आडवी आली. "देवाचा शेंदूर पुसते? अपशकुनी कुठली!" मामांनी फोनवरून आणखी मीठ चोळलं, "मी म्हटलं नव्हतं का? कोळशाची सर नाही." सूर्याच्या वाटेत शेंदूर फासायचा, अन् वर त्यालाच नावं ठेवायची!

उन्हाळ्यात मामा चार दिवस राहायला आले. सोबत वाफेची मशीन. खाणीची धूळ छातीत बसलेली. दिवसातून तीनदा त्या मशीनवर औषधाची वाफ घेतली नाही तर जीव घुसमटे. तिसऱ्या दिवशी वावधन सुटलं, खांब आडवे झाले, लाईन गेली. सकाळपर्यंत बॅटरीही बसली. पंखा थांबला तसे मामा पलंगावर उठून बसले. ओठ निळे पडू लागले. झाडं पडून रस्ता बंद, दवाखान्यात न्यायची सोय नाही. बाहेर मात्र लख्ख ऊन पडलेलं, पण शेंदरानं झाकलेल्या काचांवर वाफेची मशीन काही चालेना.

मी आईकडे पाहिलं. शपथ सांगते, त्या क्षणी मला तिचा अन् तिच्या शकुन-अपशकुनांचा इतका राग आला! पण मी तोंड उघडायच्या आधीच मामांनी छपराकडे हात केला. "पुस," एवढंच निघालं. आई राखेचं डबडं घेऊन माझ्या आधी शिडी चढली. भांडी घासावीत तशी ती काचा घासत होती, रडत होती, देवाची माफी मागत होती, अन् मधूनच भावाला शिव्या घालत होती. मी मागून पाणी ओतत होते.

मशीन घरघरली. पहिली वाफ आत गेली, दुसरी गेली. मामांच्या ओठांवर हळूहळू रंग आला. मला किती बोलायचं होतं! थोड्या वेळानं त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. मला वाटलं, आता माणूस कबूल करतो.

"कोळशाची सर नाही," मामा म्हणाले, अन् मास्क परत लावला.

दसऱ्याला आले तेव्हा त्यांनी शेंदराचा टिपका काच सोडून चौकटीवर लावला, करंगळीच्या टोकाएवढा. कोळशाची बाजू अजून सोडलेली नाही. पण हल्ली आमच्याकडे आले की चपला काढायच्या आधी विचारतात, "बॅटरी भरली का?"