पावसात न उतरणारं कुंकू

बैलाच्या शिंगांना लावायचा रंग मी बायकांच्या कुंकवात कालवला आणि विकला. झालं, सांगून टाकलं. हे वाक्य आजवर मी कुणापुढं काढलेलं नाही. बायकोपुढं नाही, देवापुढंही नाही. देवळात गेलो की नारळ महागल्याचं बोलून परत यायचो. तुम्हाला सांगतोय ते एवढ्यासाठी, की तुम्ही भोरच्या बाजारातले नाही.

तुम्ही म्हणाल, माणूस इतका गाढव असतो? असतो हो. आणि गाढवपणा चालू असतो तेव्हा तो अक्कल म्हणूनच मिरवतो— तीच तर गंमत.

साठ-सत्तरच्या मधली गोष्ट. उत्रोलीला आमचं घर, भाताची खाचरं. शेती दादा बघायचा. मला चिखलाचा कंटाळा आणि तोंड चालवायची हौस, म्हणून त्यानं मला भोरच्या पेठेत एक टपरी टाकून दिली. बांगड्या, फण्या, काळे मणी, स्नोच्या बाटल्या, कुंकू. बेंदूर आला की बैलांचे गोंडे आणि शिंगांचे रंग. धंदा बरा चालायचा. तक्रार एकच— कुंकू. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत नाही. लावणीला वाकलेल्या बाईचं कुंकू नाकावरून ओघळून खाचरात जायचं. एकदा भर बाजारात एक बाई म्हणाली, "दुकानदार, तुमचं कुंकू म्या खाचरात पेरलंय. उगवलं की आणून देते." सगळ्या फिदीफिदी हसल्या. मला विनोद फार आवडतो— माझा. दुसऱ्यानं केलेला माझ्यावरचा विनोद मला तेव्हा पचत नसे.

बेंदूर नुकता झालेला. शिंगांच्या लाल रंगाचा पुडा उरला होता. बैल दिवसभर पावसात उभे, तरी शिंगं लाल ती लालच! मी विचार केला— विचार कसला, माती— की जे शिंगावर टिकतं ते कपाळावर का टिकू नये? रंग कशाचा करतात? ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यावं असंही वाटलं नाही. पुड्यावर बैलाचं चित्र होतं. शहाण्याला तेवढं पुरलं असतं.

पहिली पुडी मी वहिनीला दिली. आई लवकर गेली, मला न्हाऊमाखू घातलं ते वहिनीनं. तेव्हा मान तिचाच, नाही का? वहिनी दिवसभर लावणी करून आली आणि आरशात बघून लहान पोरीसारखी हसली. "भावजी, हाय तसं हाय की!" मग तिनंच शिवारभर सांगितलं. वेळवंड खोऱ्यातल्या बायकाही 'पक्कं कुंकू' मागत यायला लागल्या. मी मिशीला पीळ देत होतो.

पहिल्यांदा खाज आली. दोघी-तिघी म्हणाल्या, कपाळ चुरचुरतं. मी म्हणालो, अंगात उष्णता आहे, सब्जा घ्या. मी, वैद्य! त्यांनी कुंकू बदललं आणि त्या सुटल्या. वहिनी कशी बदलणार? घरचं दुकान, दिराचं कुंकू. मग तिच्या कपाळावर, कुंकवाच्या खालीच, एक पांढरा ठिपका दिसायला लागला. ज्वारीच्या दाण्याएवढा. मी पाहिला. मला कळलं. लगेच, तिथंच कळलं— यात मला संशयाचा काडीचाही फायदा देऊ नका.

मग बोललो का नाही? हेच सांगायला बसलोय ना. साधं कुंकू गुपचूप तिच्या करंड्यात भरावं, तर ती विचारणार, भावजी, हे वेगळं का? वेगळं म्हणजे आधीचं वाईट. वाईट म्हणजे सगळ्यांनाच वाईट विकलं. एक सूत ओढलं की सबंध लुगडं उसवणार. आणि सवाष्ण बाई, कपाळ मोकळं ठेवू शकत नव्हती. तिनं मग तिच्या अकलेनं मार्ग काढला— डाग झाकायला कुंकू मोठं लावायचं. ठिपका वाढला, कुंकू वाढलं. कुंकू वाढलं, ठिपका वाढला. पावलीएवढं होतं ते बंद्या रुपयाएवढं झालं. आणि ती मला म्हणायची, "भावजी, तुमच्या पक्क्या कुंकवानं झाकलं तरी जातंय." मी पुडी बांधून द्यायचो. दुसरं काय करणार होतो? बरंच काही करू शकलो असतो. दिली पुडी.

पुतणी शेवंती लग्नाची झाली. किकवीचं स्थळ, मुलगा एसटीत कंडक्टर. मंडळी आली, पोहे झाले, मुलगी पसंत पडली. निघताना मुलाच्या आईनं रिवाजाप्रमाणं वहिनीला हळदीकुंकू लावायला बोट उचललं— आणि ते बोट हवेतच थांबलं. कुंकवाच्या काठाबाहेर पांढरं आलं होतं. "ह्ये कवाधरनं हाय?" बाई म्हणाल्या. कोड, असं कुणी उच्चारलं नाही. उच्चारायची गरजच नव्हती. वहिनीनं मान खाली घातली. दादा माझ्याकडं बघायला लागला. घरातला बोलका मीच ना! एका वाक्याचं काम होतं. 'हे कोड नाही, माझ्या रंगाचे प्रताप आहेत.' झालं असतं लग्न.

मी म्हणालो, "आमच्याकडं हवा लई दमट हाय."

स्थळ मोडलं. पुढच्या स्थळांकडं आमच्याआधी कोड पोचायचं. शेवटी शेवंतीला वेल्ह्याच्या पल्याड, डोंगरात, पदरी पोरं असलेल्या बिजवराला दिली. लग्नात कुंकू माझ्याच दुकानाचं होतं— पण साधं. शेवंतीसाठी मी साधं काढलं होतं. हे नीट ऐका. म्हणजे मला माहीत होतं, आणि त्याच मांडवात वहिनी रुपयाएवढं पक्कं कुंकू लावून फिरत होती. नंतर नातू झाला, तर तिनं त्याच्या गालाला गाल लावला नाही. स्वतःचं ताट-वाटी वेगळी ठेवली. मागल्या जन्मीचं पाप म्हणायची. मी समोर जेवायला बसलेला असायचो.

मग दादा तापानं गेला. बायकांनी वहिनीचं कुंकू पुसलं आणि तो पांढरा चट्टा सगळ्या गावानं उघडा पाहिला. मी भिंतीकडं तोंड करून उभा. लोकांना वाटलं, भावाच्या दुःखानं.

पण कपाळ मोकळं राहिलं, आणि हळूहळू चट्ट्यात तिळाएवढे सावळे ठिपके उगवायला लागले. काठ आत सरकले. वर्ष फिरेतो कपाळ कपाळासारखं दिसायला लागलं. गावातल्या जिभा काय म्हणाल्या सांगू? "नवरा गेला आन् कोड गेलं." ते तिला ऐकावं लागलं.

त्या बेंदराला शिंगं रंगवायला दादा नव्हता आणि मी टपरीवर. वहिनीनंच रंगवली. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती टपरीपुढं येऊन उभी राहिली. बायकांची गर्दी होती. तिनं उजव्या हाताचं बोट माझ्या नाकासमोर धरलं. लालभडक. "राखंनं घासलं, साबणानं घासलं, जात न्हाई," म्हणाली. मग तेच बोट हळूच कपाळापाशी नेलं. टेकवलं नाही.

बोललो ते एवढंच, "वैनी, चहा सांगू?"

"च्या नगं," ती म्हणाली. "पुढल्या बेंदराला ह्यो रंग सवताच्या थोबाडाला लावा, भावजी. काय व्हायचं न्हाई. बैलाच्या शिंगापरीस तुमचं कातडं टणक हाय."