आडवं होण्याएवढी जागा

मुंजाजी सकाळी गेला तो भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच. तीन वर्षं तो आडवा झाला नव्हता. पाठ टेकली की छाती भरून यायची, जीव गुदमरायचा. बायकोनं, शकुबाईनं, त्याच्यामागं गोधड्यांची चळत लावलेली असायची, आणि येशूजवळ रोजचं मागणं एकच : ह्याला एक रात्र पाठ टेकून झोपू दे. ते काही पुरं झालं नाही. उगाच चमत्कार सांगण्यात अर्थ नाही.

अंग ताठायच्या आत तिनं त्याला खाटेवर उताणा केला, गुडघे दाबून सरळ केले. मग जागेचा विचार सुरू झाला.

पुसेगावच्या पलीकडच्या त्या लहानशा गावात ख्रिस्ती घर हे एकच. दोघांनी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला. नाव मात्र मुंजाजीच राहिलं. गावाची जीभ कोण बदलणार? त्यांचं पहिलं लेकरू ओढ्याकाठच्या गायरानात पुरलं होतं. यंदा दगडोबानं तिथं तारेचं कुंपण घातलं आणि हळदीसाठी जमीन नांगरली.

तोच दगडोबा दारात येऊन म्हणाला, "वैनी, समद्या गावाला जाळतेत, मुंजाजीलाच काय सोनं लागलंय? लाकडं देतो, खांदाबी देतो. पण वढ्याकाठी न्हाई जमायचं."

"जाळू नका म्हणून सांगून गेलेत ते."

"सांगणारा गेला. आता निस्तरायचं आमी!"

हिंगोलीच्या चर्चच्या पाळकांना फोन लावला. ते नांदेडात, बायको बाळंत झालेली. उद्या येतो म्हणाले. मे महिन्यात मढं उद्याची वाट पाहत नाही.

मग शेजारचे विश्वंभर अप्पा आले. भला माणूस. "शकुबाई, आमा लिंगायतांतबी पुरतेतच की. आमच्या पुरायच्या भूमीत एक कोपरा देतो, समाजाला मी सांगतो. पण रीत आमची. मांडी घालून बसवायचं."

कुरुंद्याहून आलेल्या लेकीनं, प्रियंकानं, सुटकेचा निःश्वास सोडला. शकुबाई खाटेकडं पाहत राहिली.

"लई उपकार, अप्पा. पण तीन वर्षं बसलेत ते. आता न्हाई बसवणार."

"माय, येडी झालीस का?" प्रियंका उसळली. "बसला काय अन् निजला काय, त्याला आता काय कळून राहिलं?"

"मला कळतंय ना."

अप्पा गेले. थोड्या वेळानं कुडावरून पहार तेवढी देऊन गेले. आत आले नाहीत. त्यांनाही गावातच राहायचं होतं.

घराला लागून शेळ्यांचा गोठा. स्वतःची म्हणावी अशी जमीन तेवढीच. शकुबाईनं शेळ्या घरात बांधल्या आणि पहार उचलली. वरची लेंड्यांची माती सहज निघाली, खाली मुरूम लागला. मायलेकी आळीपाळीनं खणत होत्या.

"गाव काय करंल उद्या? तुला भ्या न्हाई वाटत?"

"वाटतंय की. येशूलाबी वाटलं होतं धरून न्यायच्या आधी. घाम फुटला होता त्याला."

"मग?"

"मग काय! पळाला न्हाई."

ऊन कललं तरी खड्डा हातभर आखूडच. पायाकडं खडक.

"गुडघे जरा मोडले तर मावंल, माय."

"मोडायचे न्हाईत. सरक."

तळहाताची साल निघाली, पहारीला रक्त लागलं. खडक फुटला नाही. तेव्हा तिनं डोक्याकडून घराची भिंत पोखरायला घेतली. भिंतीतून माती ढासळली, पण जागा झाली.

गोधडीसकट त्याला आत उतरवला. लांब, सरळ. प्रभूची प्रार्थना तिला तोंडपाठ होती. अर्ध्यात शब्द गेले. पुन्हा सुरू केली, पुन्हा गेले. मग ती नुसतंच "बापा, बापा" म्हणत राहिली.

बाहेर माणसं जमल्याचा गलका झाला. "गावठाणात मढं पुरून राहिली ही!" दगडोबा ओरडत होता. "सकाळी उकरून काढू."

प्रियंका रडायला लागली. शकुबाईनं तिच्या हातात घमेलं दिलं.

"वढ माती," ती म्हणाली. "सकाळपर्यंत तरी निजू दे त्यास्नी."