कान टोचायला सोनार आला तेव्हा

परवा शेजारी बारसं होतं. तिथून ओव्याच्या धुरीचा वास आला आणि मला कल्याणचं आमचं माजघर आठवलं. माझी पहिली मुलगी तिथेच झाली. तिचा उजवीकडचा जबडा आखूड होता आणि उजव्या कानाच्या जागी मांसाची नुसती गुठळी होती. हे तेव्हा मुंबईला डॉक्टरी शिकत होते. बारशाच्या आदल्या संध्याकाळी बाजेशी बसून मला म्हणाले, "गर्भ अगदी लहान असतो तेव्हा त्याच्या गळ्यापाशी कमानींसारख्या पट्ट्या असतात. त्यांतून जबडा आणि कान घडतात. हिची एक पट्टी नीट वाढली नाही, एवढंच. तुझा यात काही दोष नाही." बाळंतपणानंतर त्या रात्री मी प्रथमच पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी कान टोचायला सोनार आला. त्याने मुलीचं टोपडं काढलं आणि तार हातात धरून तसाच थांबला. बारशाला जमलेल्या बायका वाकून पाहू लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "ग्रहणात हिनं विळीवर काहीतरी चिरलं असणार." ग्रहणभर मी भिंतीला टेकून नुसती बसून होते. मग त्या यांच्याकडे वळल्या, "अरे, तूच सांग, तू डॉक्टरी शिकतोस ना?" मी मोठ्या आशेने यांच्याकडे पाहिलं. यांनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "चिरलं असेल, आई. हिला सांगितलेलं ऐकायची सवय कुठे आहे?" मी मुलीला उचलून पदराखाली घेतलं. आता मुलगी सासरी सुखात आहे, यांचंही ठाण्यात डॉक्टर म्हणून नाव आहे. पण हे एकांतात काही गोड बोलू लागले की मी उठून ओटीवर येते आणि म्हणते, "इथे बोला, चारचौघांत."