सातव्या महिन्यातला ताप

"घशातला नमुना पुण्याला पाठवू, पण औषध आत्ताच सुरू करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही स्वाइन फ्लूची लक्षणं आहेत. गरोदर बाईच्या बाबतीत रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं."

महाडच्या दवाखान्यात मी स्टुलावर बसले होते. सातवा महिना चालू होता. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, सगळे नवस-सायास करून थकल्यावर, राहिलेले दिवस होते ते. बाईंचं बोलणं मला विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं लांबून ऐकू येत होतं.

"बाळाला काही होणार नाही ना?" मी विचारलं.

"तुमचा ताप उतरणं हेच सध्या बाळाचं औषध," त्या म्हणाल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. तापातसुद्धा ते मी बरोब्बर टिपलं.

मी पोलादपूरजवळच्या एका गावात बालवाडी चालवायचे. त्या वर्षी पुण्यात स्वाइन फ्लू पसरला आणि आम्हालाही वरून सूचना आल्या. ताप-खोकला असलेलं मूल घरी पाठवा, हात साबणाने धुवा, शिंकताना रुमाल धरा. आमच्या मुलांचे रुमाल तसेही छातीवर पिनेने लावलेलेच असायचे. आता त्यांचा उपयोग नाक पुसायलाही होतो हे शिकवायचं होतं, एवढंच. माझी मदतनीस राबियाखाला हिने साबणाची वडी जुन्या मोज्यात घालून पिंपाजवळ टांगली. पोरं हात कमी धुवायची, फेस जास्त उडवायची. पण धुवायची.

इथवर सगळं ठीक होतं. मग मुंबईहून तात्या आले. तात्या आमच्या गावचेच, मुंबईच्या गिरणीतून निवृत्त झालेले, गावाची भारी काळजी असणारे. त्यांनी कापूर आणि वेलचीची मोठी पुरचुंडी आणली होती.

"मुंबईत सगळे हाच वास घेतात. एकदम पावरफुल हाय," ते म्हणाले. "पोरांना येता-जाता हुंगू दे."

कापूर म्हणजे देवाची वस्तू, तिला नाही कोण म्हणणार? तात्यांनी हौसेने पुरचुंडी बालवाडीच्या दारात बांधली, मुलांच्या नाकाला पोचेल अशी. देवळात शिरताना घंटा वाजवावी तसं एकेक मूल यायचं, पुरचुंडी दोन्ही हातांनी धरायचं, नाक खुपसून जोरात श्वास ओढायचं आणि पुढच्याला द्यायचं. शेवटी मी आणि खालाही हुंगायचो. सगळी खोली मखरासारखी दरवळायची. पोटातलं बाळसुद्धा त्या वासाने खुशीत हलायचं असं मला वाटे.

पोरांपैकी सोनालीला आधी ताप आला. मग तिच्या शेजारी बसणाऱ्यांना. मग मला. डॉक्टरीणबाईंना मी पुरचुंडीची गोष्ट सांगितली तेव्हा त्या कपाळाला हात लावून हसल्या. "रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच," त्या म्हणाल्या. "सगळ्या बालवाडीने एकाच कापडात नाक पुसल्यासारखं झालं की हो!"

नमुना घेतात त्याला थ्रोट स्वॅब म्हणतात. लांब काडीला कापूस गुंडाळलेला असतो, तो घशाच्या मागच्या बाजूला फिरवतात. उमासा येतो, दुखत मात्र नाही. घाबरू नका. मला एका वेगळ्या खोलीत ठेवलं, त्याला आयसोलेशन म्हणतात, म्हणजे इतरांपासून वेगळं ठेवणं. वेगळं बसायची सवय आपल्याकडच्या बायकांना लहानपणापासून असते. फरक इतकाच की इथे कुणी विटाळ म्हणत नव्हतं आणि वेळच्या वेळी गरम पेज मिळत होती.

त्या खोलीतले दिवस मला एकामागून एक असे आठवतच नाहीत. ते एकमेकांत विरघळलेले आहेत. खिडकीतून सावित्री नदी दिसायची, गढूळ, भरून वाहणारी. ताप चढला की नदी खिडकीतून आत यायची आणि खाटेखालून वाहत दाराबाहेर जायची. माझी मुलं तिच्यात पाटीवर बसून तरंगत जात. सोनाली हात हलवून सांगे, "बाई, आमी चाललो हां." मी त्यांना हाका मारून परत बोलवायचे आणि हजेरी घ्यायचे. हजेरीत एक मूल जास्त असायचं. त्याचं तोंड मला दिसत नसे. ते माझ्याकडे पाठ करून पाण्याशी खेळत असे. ते माझंच आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून मी त्याला ओरडत नव्हते.

सिस्टर आत यायच्या त्या नाकातोंडाला मास्क बांधून. नुसते डोळे दिसायचे. त्या डोळ्यांवरून मी त्यांची मनं ओळखायला शिकले.

आमचे हे खिडकीबाहेर छत्री धरून उभे राहायचे आणि गावच्या बातम्या सांगायचे. बालवाडी बंद केली होती. पुरचुंडी तात्यांनीच काढून जाळली आणि बिचारे घराबाहेर पडायचे बंद झाले. सोनालीची आणि बाकीच्या पोरांची घरच्या घरीच विश्रांती चालली होती, कुणाचंही दुखणं वाढलं नव्हतं. खाला रोज खिचडी शिजवायची आणि दारोदार जाऊन उंबऱ्याबाहेर ठेवायची. "पोरं सुटी म्हणून गावभर हिंडली तर बालवाडी बंद करून काय उपेग?" असं तिने घरोघरी बजावलं होतं. मला ते पटलं. सुटी म्हणजे घरात राहणं, हे मोठ्या माणसांनाही सांगावं लागतं.

मग एका सकाळी अंग घामाने थबथबलं आणि ताप उतरला. डोकं एकदम स्वच्छ झालं. नदी आपल्या जागी गेली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाळ हलत नाही.

मी कुशी बदलली. गोड खाल्लं. पोटावर हात ठेवून हाका मारल्या. काही नाही. ताप होता तेव्हा मी बाळाला स्वप्नात बघत होते, आणि आता जाग आली तर पोट दगडासारखं गप्प. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

सिस्टर धावत आल्या. त्यांच्याकडे फीटोस्कोप होता. पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायची कर्ण्यासारखी छोटी नळी असते ती. त्यांनी एका जागी कान लावला. मग दुसऱ्या. मग खाली, डाव्या अंगाला. डोळे मिटलेले, त्यामुळे मला काहीच वाचता येईना. बाहेर छत्रीवर पाऊस वाजत होता. यांनी गजांना कपाळ टेकलं होतं.

सिस्टरनी कान तसाच ठेवून माझा हात हातात घेतला. आणि बोटाने तळव्यावर ठोके द्यायला लागल्या. टकटक टकटक टकटक. भरभर, एका लयीत, न थांबता. मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी इतकी रडले की त्यांना ठोके ऐकू येईनात. त्या मला गप्प बसा म्हणून रागावल्या.

"दमलंय, झोपलंय," त्या म्हणाल्या. संध्याकाळी बाळाने अशी लाथ मारली की हातातली पेज सांडली.

माझा रिपोर्ट आला तेव्हा मी घरी परतले होते. स्वाइन फ्लूच होता. वाट बघत बसले असते तर, हा विचार मी अजूनही पुरता करत नाही. तुमच्यापैकी कुणी दिवस गेलेल्या असाल आणि लहान मुलांत काम करत असाल, तर ताप अंगावर काढू नका, एवढंच सांगते. उद्या बघू म्हणू नका. नाक गळणारं पोर घरी पाठवताना त्याच्या आईला वाईट वाटेल म्हणूनही थांबू नका.

दिवाळीनंतर मुलगी झाली. बारशाला सगळा गाव लोटला. जी ती बाई बाळाला उचलून घेत होती. राबियाखाला मात्र अंगणातच उभी राहिली. आमच्याकडे बारशाला येऊन आत न येणं म्हणजे मोठं भांडण. बायका कुजबुजायला लागल्या. तिचे दोन्ही मुलगे दुबईला, नातवंडं तिने फोटोतच बघितलेली. तान्हं मूल मांडीवर घ्यायला ती किती आसुसलेली होती हे मला माहीत होतं.

"खाला, रुसलीस काय गो?" कुणीतरी ओरडलं.

"रुसते कशाला? नाक गळतंय माजं सकाळपास्नं," ती नाकाला ओढणी लावून म्हणाली. "मी नाय आत येत. तिला जरा वर धर गो बाई, हितनंच बघते."

मी उंबऱ्यापाशी जाऊन लेकीला दोन्ही हातांवर उंच धरलं. खाला बघत राहिली. माझे हात भरून आले तरी मी ते खाली घेतले नाहीत.