राष्ट्राध्यक्षांच्या नाकाची खूण

“सूनबाई, साऱ्या देशासमोर राष्ट्राध्यक्षांचं नाक ओढलंस तू!” सासरे भरल्या ताटावरून ओरडले.

“ओढलं कुठे, नुसतं चिमटलं,” धाकटा दीर म्हणाला. “वहिनी, महाभियोग चाललाय, जरा जोर लावा की!”

सासरे राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचे, दीर विरोधकांचा. सून टीव्हीच्या कोपऱ्यातल्या चौकटीतून संसदेतली भाषणं बहिऱ्यांना हातांनी सांगायची. तिची आई बहिरी, त्यामुळे ही भाषा तिला तोंडाने बोलण्याआधीच येत होती. बहिरे लोक माणसाला दिसेल त्यावरून नाव देतात. राष्ट्राध्यक्षांना त्यांनी निवडणुकीतच लांब नाक बहाल केलं होतं; त्यांचं नाव घ्यायचं तर आपलं नाक चिमटीत धरून पुढे ओढायचं. कौतुकाची भाषणं चालली तोवर ते कुणाला खुपलं नाही. आज मात्र सत्ताधाऱ्यांनी तक्रार केली होती: खूण बदला, नाहीतर उद्या मतदानाच्या वेळी दुसरी बाई बसवा.

“घटनेत नाक कुठे आहे?” सासऱ्यांनी विचारलं.

“घटनेत दोन तृतीयांश मतं आहेत, बाबा,” दीर म्हणाला. “ती पडली की तुमच्या साहेबांचं नाक गेलंच म्हणून समजा.”

“पडू देत आधी! तोवर तेच राष्ट्राध्यक्ष.”

“बदल ना खूण,” नवरा हळूच म्हणाला. “एका दिवसाचा तर प्रश्न.”

“बदलली तर माझ्या आईला वाटेल, भलत्याच माणसाला काढतायत.”

तिने उष्टी ताटं एकात एक घातली.

“उद्या मी नाकच ओढणार. मला काढलं तर परवापासून घरी बसेन, आणि या घरातही टीव्ही माझ्या आईच्या घरासारखा बिनआवाजाचा लागेल.”