पूर्वेकडचं शटर

मावळात कुणी मोठं काही बांधायला काढलं की लोकांना दोनच गोष्टी सुचतात : भाड्याने द्यायचा बंगला, नाहीतर मंगल कार्यालय. कामशेतच्या पुढे, बेडशाकडे जाणाऱ्या रस्त्याला मी जमिनीचा एक तुकडा घेतला होता. तिथे पाया खणायला घेतला तेव्हा जाणारा-येणारा प्रत्येक जण मोटारसायकल थांबवून चौकशी करायचा.

"हॉल व्हय?"

"नाही."

"मंग रिसॉर्ट?"

"गॅरेज."

"कुणाच्या गाड्या करनार?"

"घरचीच."

"किती हायत?"

"एक."

यावर माणूस त्या अवाढव्य खड्ड्याकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा आणि किक मारायचा.

एकच गाडी होती, हे खरं. तीही धड नव्हती. ती माझ्या थोरल्या भावाची जीप. दादाने तरुणपणापासून तिच्यावर वडाप केलं. कामशेत स्टेशनवर माणसं भरायची आणि पवनेकडच्या गावांत नेऊन सोडायची. आत बसलेल्यांपेक्षा बाहेर लटकलेले जास्त. पुढे एसटी वाढल्या, रिक्षा आल्या, घरोघर दुचाकी झाल्या आणि जीप दादाच्या कामशेतच्या घरामागे ताडपत्रीखाली जाऊन बसली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. मी तिकडे तळेगावच्या बाजूला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारं बनवण्यात आयुष्य काढलं. निवृत्त झालो की जीप चालू करून देतो, असं दादाला म्हणत आलो होतो. म्हणायला काय लागतं?

मी निवृत्त झालो आणि दादाच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून जमेल तितकी सांभाळायची. दादाला मधलं दिसायचं, बाजूचं दिसायचं नाही. पाइपातून बघावं तसं, असं तो सांगायचा. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "हाय तेवढं जायच्या आत येकदा चालवू दे मला ती. मागनं काय व्हायचं ते हू दे."

"चालवशील," मी म्हणालो. "फक्त आधी काम करायला एक नीट जागा होऊ दे."

हा 'आधी' फार वाईट शब्द आहे. टूलरूमच्या माणसाला तर त्याचं व्यसनच असतं. स्क्रू पिळायच्या आधी त्याला टेबल लागतं, टेबलाआधी सपाट फरशी लागते आणि फरशीआधी तिच्यावरचं छप्पर. मी आलेखाचे कागद आणले, पेन्सिलींना टोकं काढली आणि रोज नकाशे काढू लागलो. मोबाइलवर परदेशातली गॅरेजं बघायचो. तिथले लोक पांढऱ्याशुभ्र फरशीवर मोजे घालून गाडी दुरुस्त करतात. त्यांच्या गाडीतून तेल गळत नसावं. मलाही तशीच फरशी हवीशी वाटू लागली. लेथ इकडे, वेल्डिंग तिकडे, वर साखळीचा पुली-ब्लॉक, भिंतीवर पान्यांच्या आकाराचे रंगवलेले छाप. बायकोने नकाशा उलटा-सुलटा करून बघितला.

"आपल्या हॉलपेक्षा मोठं आहे?"

"आपल्या फ्लॅटपेक्षा मोठं आहे," मी अभिमानाने सांगितलं.

"मग तिथेच राहायला जा," ती म्हणाली. या घरात माझ्या कामाची कदर कधीच झाली नाही.

दादाकडे गेलो की नकाशा बरोबर असायचाच. तो कागद नाकाशी धरून हळूहळू सरकवत बघायचा. "ह्यात गाडी कुटं हाय?" मी बोट ठेवून दाखवायचो. "लय बारकी काढलीस," तो म्हणायचा. मग ठरलेला प्रश्न विचारायचा : "गाडीला हात लावला का?" मी म्हणायचो, आता लावणारच.

लोणावळ्याच्या एका आर्किटेक्टकडेही गेलो. त्याने आजवर फक्त बंगले केले होते. त्यामुळे माझ्या गॅरेजला त्याने काचेची भिंत, बसायला लाकडी डेक आणि मागे छोटा पोहण्याचा तलाव काढला. मी म्हणालो, मला लेथवर काम करायचंय. तो म्हणाला, काम झाल्यावर काका, रिलॅक्स व्हायला. मी माझे नकाशे उचलले आणि घरी आलो. शेवटी कामशेतच्याच एका फॅब्रिकेटरला काम दिलं. तो आजवर फक्त शेड आणि जिने करत आला होता आणि कुठल्याही प्रश्नाला "हून जाईल" एवढंच उत्तर द्यायचा.

आता दिशेचं सांगतो. बायकोचा भाऊ बँकेतून निवृत्त झाल्यावर वास्तुशास्त्राचा कोर्स करून बसला होता. घरच्यांना फुकट सल्ला देऊन त्याने अनेकांच्या घरात स्वयंपाकघराच्या जागी देवघर आणि देवघराच्या जागी माठ ठेवला होता. तो होकायंत्र घेऊन प्लॉटवर आला, गोल फिरला आणि म्हणाला, "मुख्य दार पूर्वेला. पश्चिमेला अजिबात नको." माझं त्याचं एकमत होणं म्हणजे आमच्या घरात सणच. पण इथे मी त्याच्या पुढे होतो. मावळात पाऊस पश्चिमेकडून येतो, तोही आडवा. इथे शहाणा माणूस घराची पाठ पावसाकडे करतो. शिवाय सकाळचं ऊन थेट लेथवर. त्याच्या शास्त्राने पूर्व सांगितली, माझ्या पावसाने पूर्व सांगितली, बायको म्हणाली, तुम्हा दोघांचं पटलंय तर आता कुणी काही बोलू नका. त्यामुळे कुणीच काही बोललं नाही. भलंमोठं लोखंडी शटर पूर्वेला ठरलं. पश्चिमेला माणसापुरतं एक छोटं दार ठेवलं. माणसाचं चालतं, असं मेव्हण्याने उदारपणे सांगितलं.

लेथ भिंती चढायच्या आधीच बसवून घेतला, मग बांधकाम झालं. प्लॉट रुंदीला कमी होता आणि मला हवं होतं मोठं, म्हणून सगळी रुंदी वापरली. एका अंगाला पाण्याची पक्की टाकी आली. दुसऱ्या अंगाला काळा खडक निघाला, त्यापुढे जेसीबीने हात टेकले, म्हणून तो तसाच ठेवला. आम्ही रोज छोट्या दाराने आत जायचो, बाहेर यायचो, फरशी पुसायचो, दिवे लावून बघायचो. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या थांबायच्या आणि काचा खाली करून विचारायच्या, "अंकल, व्हिला रेंटवर आहे का? पूल आहे?" मी त्यांना लेथ दाखवायचो. एक बाई म्हणाल्या, इंटीरियर फार वेगळं आहे.

मे महिना संपत आला तेव्हा पूजा ठरली. फॅब्रिकेटरने शटरला झेंडूचं तोरण बांधलं. दादाला खुर्चीत आणून बसवलं. जीप क्रेनला बांधून कामशेतहून आली. क्रेनचा ड्रायव्हर खाली उतरला, छोट्या दाराकडे बघितलं, टाकीकडे बघितलं, खडकाकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, गाडी आत कुटनं न्यायची?"

"शटरमधून," मी म्हणालो.

"शटर कुटंय?"

"मागे. पूर्वेला."

"अन् रस्ता?"

रस्ता पश्चिमेला होता. तो तिथे माझ्या जन्माच्या आधीपासून होता. मी, वास्तुतज्ज्ञ, फॅब्रिकेटर आणि भटजी असे आम्ही चौघे ओळीने उभे राहून त्या रस्त्याकडे पहिल्यांदा बघावं तसं बघत राहिलो. शटरपुढे होतं शेजाऱ्याचं भाताचं खाचर. त्या शेजाऱ्याला सगळे भाऊ म्हणतात. ते पूजेला टॉवेल-टोपी घालून आलेलेच होते.

"भाऊ, तुमच्या शेतातून एकदा गाडी आणू का?"

"रोप टाकलंय की त्येच्यात कालच," भाऊ म्हणाले. "भात निगालं की या. दिवाळीला."

"तुम्हाला दिसत होतं का हो, शटर उलटं चाललंय ते?"

"दिसत व्हतं. आमाला वाटलं, तुमी शिकलेली मानसं, हेलिकॉप्टरनं आननार आसाल."

फॅब्रिकेटर पश्चिमेची भिंत फोडायला तयार होता. "हून जाईल," तो म्हणाला. पण भिंतीला आतून विजेचं पॅनेल होतं, रॅक होते, आणि तोंडावर आलेल्या पावसाळ्यात मावळात पश्चिमेला भगदाड पाडणं म्हणजे धबधब्याला घरात बोलावणं. मेव्हणा म्हणाला, पश्चिम उघडलीत तर जबाबदारी माझी नाही. आत्ताची कुणाची होती, ते त्याने सांगितलं नाही. दादा खुर्चीत मान तिरकी करून आमच्या आवाजांचा अंदाज घेत होता. "म्हंजे दिवाळी," तो म्हणाला. दिवाळीपर्यंत आपल्या डोळ्यांत काय उरणार, हे तो बोलला नाही. मला ऐकू आलं. त्या रात्री मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी जीपला हात लावला. पाच माणसांचं कुटुंब सुखाने राहील एवढं गॅरेज पाठीशी उभं, आणि मी बाहेर, रस्त्याच्या अंगाला, ताडपत्रीखाली रेनकोट घालून उकिडवा बसलेलो. जीप आत जात नव्हती, पण तिचे अवयव छोट्या दारातून जात होते. इंजिन उतरवून ढकलगाडीवर आत नेलं. गिअरबॉक्स नेला, रेडिएटर नेला. दादाला रोज आणायचो. तो लेथशेजारी बसून एकेक भाग हातात घ्यायचा, चाचपायचा आणि त्याची कुंडली सांगायचा : ही पट्टी येळसे गावाजवळ तुटली व्हती, हा बोल्ट माझा न्हाई, कुनी घातला ह्यो? पाऊस इतका लागला की ताडपत्रीवर काठी मारून पाणी सांडावं लागायचं. लोणावळ्याला निघालेले पर्यटक थांबून माझे फोटो काढायचे. दादाची नजर महिन्या-महिन्याने आणखी आकसत होती. आधी तो पाना शोधायचा, मग पाना मागू लागला, मग मी तो हातात ठेवू लागलो.

दसरा उलटल्यावर एका दुपारी जीप पहिल्यांदा फुरफुरली. दादाने मला गप्प राहायला सांगितलं आणि बोनेटवर हात ठेवून ऐकत बसला. "तिसरा सिलिंडर आळशी हाय," म्हणाला. मी म्हणालो, तो पहिल्यापासूनच असेल. "व्हय," म्हणाला आणि हसला. पण चालवायची कुठे? हायवेला वाहनं दात विचकून धावतात. बेडशाच्या रस्त्यावर शाळेची पोरं. आता कुठल्याच रस्त्यावर दादाला सोडण्यासारखं राहिलं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. लायसन तर केव्हाच संपलेलं.

भाऊंनी भात कापलं. इंद्रायणी जातीचं. कापलेलं भात शेतातच वाळत पडलं होतं आणि परतीच्या पावसाचे ढग लोहगडावरून उतरू लागले. भाऊ पळत आले. "साहेब, शटर उगडा!" आयुष्यात पहिल्यांदा ते शटर वाजत वर गेलं आणि त्या दारातून आत पहिली गेलेली वस्तू म्हणजे भाताचे भारे. भाऊंचं घरदार लागलं, बायको लागली, मेव्हणा पाहुणा आलेला होता, तोही डोक्यावर पोतं टाकून लागला. पाऊस आला तेव्हा सगळं भात माझ्या परदेशी फरशीवर होतं. मग भाऊंनी झोडणीही तिथेच काढली. माझ्या वर्कबेंचवर पेंढ्या आपटल्या. उंचीला झकास आहे, असं त्यांचं मत पडलं. लेथवर तूस, पान्यांच्या रंगवलेल्या छापांवर धूळ, व्हाइसला अडकवलेला कुणाचा तरी सदरा. "पूर्व फळली बघा," मेव्हणा म्हणाला. मला हसू आवरेना.

ऊन पडलं, शेत वाळलं. गॅरेजात धान्याची पोती, त्यामुळे जीपला तिथे जागा नव्हतीच. दादाला आबा म्हणणारे भाऊ बांधावर उभे राहून म्हणाले, "हरभरा टाकायला अजून टाइम हाय. आबांना फिरू द्या की हितंच. आडवं यायला हाय काय त्यात?"

खालच्या अंगाच्या बैलगाडीच्या वाटेने जीप मी शेतात आणली. दादाला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. त्याने सीट पुढे घेतली, आरसा हाताने नीट केला. त्यात त्याला काहीही दिसणार नव्हतं. क्लच दाबला, गिअर टाकला, आणि गाडी भाताची खुंटं मोडत निघाली. मी शेजारी बसून एका हाताने स्टिअरिंग धरलं होतं. एका टोकाला गेलो की भाऊ ओरडायचे, "आबा, बांध आला! उजवीकडं घ्या!" आणि दादा सबंध वडाप भरलेलं असल्यासारखी सावकाश गाडी वळवायचा. मला रडू येत होतं आणि त्याला ते दिसत नव्हतं, म्हणून मी डोळे पुसलेही नाहीत.

शेताच्या मधोमध आलो तेव्हा त्याने विचारलं, "पुढं काय हाय?"

"काही नाही. मोकळं शेत."

"बांध?"

"लांब आहे."

"मंग हात काढ की."

मी हात काढला.